पाण्यावर पाणी

होडीत पुढच्या फळीवर बसून मास्तर डावा हात वर करायचे. "जपून. भिंत आहे."

भिंत असायची, पण धरणाच्या तळाशी. होडीवाला निमूट वळायचा. पुढे चिंच म्हणून उजवीकडे, मग कारभाऱ्याच्या गोठ्याला वळसा, तेव्हा कुठे त्यांचं अंगण. सरळ गेलं तर दहा मिनिटं, मास्तरांच्या वाटेने चाळीस. मी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं, "घाई कोणाला आहे, फादर? मेलेल्यांना तर नाही."

मास्तर म्हणजे आमच्या मिशनचे जुने धर्मशिक्षक. मणिबेलीच्या पलीकडचं त्यांचं गाव नर्मदेच्या धरणात गेलं आणि ते तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत आले. घर मिळालं, जमीन मिळाली, बायकोची कबर खालीच, जुन्या अंगणात राहिली. ती वर आणून द्या म्हणून ते कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "नियमात मृतांचं पुनर्वसन नाही."

"आमच्या धर्मात आहे. मेलेले उठतात, शेवटच्या दिवशी."

"कोणत्या? एकतीस मार्चला?"

हा किस्सा ते प्रत्येक नव्या फादरला ऐकवत, आणि दर वेळी साहेबाचं पोट थोडं वाढलेलं असे.

तर दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मी जीपने घाटापर्यंत आणि तिथून होडीने जायचो, प्रार्थना म्हणायचो आणि बाटलीतलं पवित्र पाणी धरणात शिंपडायचो. मी वसईचा. आमच्याकडे कबरींवर संगमरवर असतो, फुलं असतात, आणि कोणाची फुलं महाग यावर भावकीत अबोलाही असतो. इथे आमचा ड्रायव्हर दर वर्षी विचारायचा, "पानीवर पानी कसाले शिपडतस, फादर? धरणले काय कमी पडनं?"

मास्तर वळूनही बघत नसत. "तू गाडी बघ. हे तुझ्या गिअरमध्ये नाही."

देवाच्या खालोखाल आपलाच नंबर, अशी त्यांची समजूत होती. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना पहिल्या बाकावरून माझी चूक दुरुस्त करत, तीही मोठ्याने. संतांचीही गय नव्हती. हरवलेल्या वस्तूंसाठी लोक संत अंतोनला साकडं घालतात. मी एकदा सहज म्हटलं, "गावासाठी अंतोनला सांगितलंत का?" ते म्हणाले, "त्याला कशाला? माझं गाव हरवलेलं नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे. सरकारला विचारा, त्यालाच सापडत नाही." मी हसलो. या माणसाला हसण्यात माझी बरीच वर्षं छान गेली.

आता माझं सांगतो. कुमसाराच्या जाळीमागे बसून मी आयुष्यभर लोकांची पापं ऐकली. स्वतःचं एक सांगायला इतका वेळ लागला.

एका वर्षी बाटली तळोद्यालाच राहिली. होडीत बसल्यावर लक्षात आलं. यात काही बिघडत नाही. पाद्री कुठलंही पाणी जागेवर पवित्र करू शकतो, अर्ध्या मिनिटाची प्रार्थना आहे. पण ती म्हणायची तर विसरलो हे मास्तरांसमोर कबूल करावं लागलं असतं, आणि पुढची दहा वर्षं पहिल्या बाकावरून ते ऐकावं लागलं असतं. ते पुढे चिंच चुकवत होते. मी पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली काठावरून बुडवून भरली. त्यांच्या अंगणावर पोचल्यावर तेच पाणी गंभीर चेहऱ्याने शिंपडलं. धरणातलं पाणी धरणात. ड्रायव्हरचा विनोद मी पुरा करून दाखवला.

मास्तरांनी टोपी काढली होती. परतताना म्हणाले, "उरलेलं मला द्या. तिच्या कबरीचं आहे." ती बाटली त्यांच्या घरी मरियेच्या तसबिरीशेजारी उभी राहिली. मी तिथे गेलो की बाटलीकडे पाठ करून बसायचो.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. वसाहतीच्या कबरस्तानात पेटी खाली ठेवली, आणि त्यांच्या मुलीने बाटली माझ्या हातात दिली. "बाबांनी सांगून ठेवलंय, फादर. हेच शिंपडायचं. आईवर शिंपडलेलं."

पुन्हा तेच अर्धं मिनिट माझ्या हातात होतं. सगळा गाव बघत होता. मी तसंच शिंपडलं.

या नोव्हेंबरात मुलीला घेऊन गेलो. होडी थांबल्यावर ड्रायव्हर आणि होडीवाल्यादेखत तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा असते तर तुम्हाला इथेच उतरवलं असतं." मग पाण्याकडे बोट करून म्हणाली, "आता करा ना मग."

मी हात धरणात बुडवला आणि ती प्रार्थना म्हटली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

ड्रायव्हरने घसा साफ केला. "मंग फादर, हाई तीर्थ आते सरळ गुजरातमा जाई."

मुलगी हसली. आम्ही सगळ्यांनीच सवयीने पुढच्या फळीकडे पाहिलं. ड्रायव्हरला तिथून उत्तर मिळायला हवं होतं.

परतताना होडीवाल्याने सरळ घेतली. गोठ्यावरून, चिंचेवरून, मास्तरांच्या भिंतीवरून आम्ही गेलो. हात वर करायला कोणी नव्हतं. अर्धा तास आधी घाटावर पोचलो. घाई कोणालाच नव्हती.