आंब्याच्या ढोलीतली अंडी

२०१९ साल. माझं वय एकोणसाठ. गोव्यात हळर्णच्या एका कुळागरात, सुपारीच्या बागेत, आंब्याच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून मी उभा होतो.

मागून सुशीला वयनी म्हणाली, "भावोजी, तुमका थंय कायएक गावूचा नाय."

तिची सून रूपा सातव्या महिन्यात, डेंगीनं म्हापशाला ॲडमिट. प्लेटलेट रोज खाली. आणि पंधरा दिवसांमागं डासांची तपासणी करून त्यांच्या भिंतीवर खडूनं 'ओके' मीच लिहिलेलं.

"वयनी, घरात साठलेलं पाणी थेंबभर नाही."

"मगे तिका चावलो तो कोण? तुमचो खडू?"

सोबत आमच्या आरोग्य खात्यातली नवीन मॅडम होती. माझ्या लेकीपेक्षा लहान. तिनं विचारलं, "रूपा दिवसा कुठं बसायची?"

"हंयच. आंब्याबुडी, सुपारी सोलूक."

"मग हा रानातला पट्टेरी डास. घरात फारसा येत नाही. दिवसाउजेडी झाडाखाली घोट्याला चावतो. अंडी ढोलीत."

मी हात बाहेर काढला. मुठीत सुका पाला. "बघा. ही ढोली मी नारळाच्या करटीनं उपसली होती. कोरडी ठाक आहे."

मी मलेरियाच्या मोहिमेत तयार झालेला माणूस. शाळा चौथी, पण डास मला कुणी शिकवायचा नाही. मलेरियाच्या डासाचं पाणी काढलं की विषय संपला.

"काका, हा अंडी पाण्याच्या वर चिकटवतो, ओल्या सालीला. ती सुकून महिने काढतात. पाणी चढलं की फुटतात."

"मॅडम, सुकलेलं अंडं कोंबडीलाही उबवता येत नाही."

ती वाद घालत बसली नाही. चमच्यानं ढोलीची आतली साल खरवडली, बाटलीत भरली, माझ्या हातात दिली. "घरी न्या. पाणी घाला. तोंडाला फडकं बांधा."

तिला खोटं पाडायचं म्हणूनच नेली. खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत चारदा उठून बघितलं. जेवताना पुन्हा उठलो.

बायको म्हणाली, "बाटलेक बाळ जातला काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीत दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळलं. अळ्या. अकरापर्यंत मोजल्या, मग मोजवेना. अशा किती ढोल्या, किती पिंपं मी नुसती उपसून 'ओके' केली होती!

मॅडमना फोन लावला. म्हटलं, "निघाल्या." तिकडून एवढंच आलं, "उद्या वाळू घेऊन जा, काका."

रूपा आठवड्यानं घरी आली. पुढं मुलगी झाली, धडधाकट. ते नशीब तिचं. त्यात माझं काम काही नव्हतं. पाणी ओतून टाकायला दोन मिनिटं लागतात, घासायला अर्धा तास. हा डास त्या अर्ध्या तासावरच जगतो.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी काथ्याचा ब्रश आणि वाळूची गोणी घेऊन कुळागरात गेलो. ढोली खरवडली, साल जाळली, वाळू-मातीनं तोंडापर्यंत भरली. मग फडकं भिजवून भिंतीवरचं 'ओके' पुसलं.

वयनी दारात उभी होती. "आता काय लिवतास?"

"काय नाय," म्हटलं. "पिंप खंय आसा ता दाखय."