मामंजींचा राखेचा गोठा

चुलीतली राख भांडी घासायला असते, हे आमच्या मामंजींना कधीच पटलं नाही. त्यांच्या मते ती गोठा आखायला असे. सकाळी मी भांडी घेऊन बसावं तर राखेचं टोपलं गायब, आणि सासरेबुवा परसात वाकून रेघा ओढताहेत. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी लग्न होऊन वडूजजवळच्या त्या गावात आले, तेव्हापासून हा राखेचा गोठा रोज नव्यानं उभा राहत होता. खरी जनावरं मात्र घरात, पुढच्या सोप्यात. दोन बैल, एक म्हैस आणि त्यांच्या शेजारी मामंजींची बाज. पलीकडे बुटकी भिंत, भिंतीआड माझी चूल. मूल रांगायला लागलं तसा माझा जीव खालीवर व्हायचा. तो सोपा मला रिकामा हवा होता.

"आदी इचार, मग कुदळ," हे त्यांचं पालुपद. वारा कुठला, हे बघायला मूठभर माती उधळायची. कडब्यानं भरलेली गाडी वळते का, हे बघायला शेजाऱ्याची गाडी परसात फिरवायची. एकदा तर जमिनीचा उतार बघायला मी विहिरीवरून डोक्यावर आणलेली घागर त्यांनी ओतून दिली. आमच्या त्या कोरड्या भागात! मी आत जाऊन रागानं रडले. पाणी कुठल्या अंगाला गेलं, ते सांगायला मामंजी हौसेनं माझ्या मागोमाग आले.

आमचे हे कुपवाडला कारखान्यात होते. शनिवारी येत, रविवारी वडिलांशी वाद घालत आणि परत जात. एकदा वैतागून टेम्पोत पत्रेच घालून आणले, बाभळीचे खांबही तासून घेतले. मामंजींनी पत्र्यांवरून हात फिरवला, चांगले आहेत म्हणाले, आणि रेघा पुसून गोठा थोडा घराकडे सरकवला. पुढच्या आठवड्यात आणखी थोडा. असंच चाललं तर म्हैस पुन्हा चुलीपाशी येईल, असं हे म्हणाले. पत्रे भिंतीला टेकून गंजू लागले.

मग हाकेचं खूळ निघालं. मी चुलीपासून हाक मारायची, मामंजींनी रेघांत उभं राहून कान द्यायचा आणि नकारार्थी मान हलवायची. एक दिवस मूल तापानं फणफणलेलं, तव्यावर भाकरी, आणि मामंजी म्हणतात हाक मार. मी पिठाच्या हातानं बाहेर गेले.

"आवं मामंजी, गोठ्यात माजी हाक कुनाला ऐकायचीय? म्हशीला?"

ते रेघांच्या कोपऱ्यात उभे होते. तिथं दरवेळी एक लांबट चौकोन असायचा. मी तो पेंडीच्या पोत्यांचा समजत होते.

"ही माजी बाज," ते खाली बघत म्हणाले. "जनावरं भायेर गेली की म्हातारं मानूस बी जातंय राखनीला. रातीला दुखलं-खुपलं तर हितनं घरात काय ऐकू येत न्हाई, पोरी."

गावाची रीत तीच होती, ती मलाही ठाऊक होती. पण माझा राग उलट वाढला. वाऱ्यावर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला हे एक वाक्य बोलायला तोंड नव्हतं?

"तुमची बाज सोप्यातनं हलायची न्हाई," मी म्हटलं. "आता खांब पुरा."

दुसऱ्याच दिवशी कुदळ पडली. गोठा घरापासून चांगला लांब उभा राहिला, अगदी पहिल्या रेघांच्या जागी. वळवाच्या वादळात गावातले पत्रे उडाले, आमचा एकही हलला नाही. मामंजी अखेरपर्यंत सोप्यातच झोपले, नातवाला कुशीत घेऊन.

तो नातू आता सांगलीत बंगला बांधतोय. नकाशा आणून दाखवला, तर मी म्हटलं वारा पश्चिमेचा, खिडकी फिरव. मग जिना हलवायला लावला. परवा म्हटलं, अंगणात पाणी साठेल. किती खुसपटं काढतेस, म्हणून तो माझ्यावर चिडलाय. नकाशात हॉल आहे, मुलांची खोली आहे, गाडीची जागासुद्धा आहे. माझी खोली कुठली, ते अजून कुणी बोललेलं नाही. मीही विचारलेलं नाही.