शेजारच्या टेबलावर काय आलं?

वायोस मास्तरांच्या वर्गासाठी नगरपालिकेनं एक खोली दिली होती. खोलीत पडदा होता, पडद्यावर चित्रं पाडायचं यंत्र होतं आणि सात खुर्च्या होत्या. सूतगिरणी बंद पडल्यावर 'स्वतःचा धंदा कसा सुरू करावा' हे शिकायला नाव घातलेली माणसंही सातच होती. पहिल्या दिवशी मास्तरांनी ते यंत्र सुरू केलं. पडद्यावर एक निळा चौकोन आला आणि तिथंच ठाण मांडून बसला. मास्तर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग कोटाची बटणं लावत म्हणाले, "उठा. जेवायला जायचंय."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तो वर्ग ग्रीसमधल्या वोलोस शहरातल्या कुठल्या ना कुठल्या खाणावळीत भरू लागला. नगरपालिकेच्या कागदावर मात्र शेवटपर्यंत खोलीचाच पत्ता राहिला.

मास्तरांनी एकतीस वर्षं तंत्रशाळेच्या रात्रवर्गात हिशेब शिकवला होता. बायको, अन्थूला, जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माणूस तसा तिरसट. उन्हाळ्यातसुद्धा गळ्याशी बटण, खिशात स्वतःचा इस्त्री केलेला रुमाल, आणि जेवण इतकं सावकाश की समोरच्याला दोनदा भूक लागावी. पण शिकवायला लागले की या माणसाचं वय उतरायचं.

वर्गाचे नियम साधे होते. वही काढायची नाही. तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे करून बसायचं. ताटलीत काय येतं ते सगळ्यांनाच दिसतं, तुम्ही परत काय जातं ते बघायचं.

"ते बघ," ते एकदा स्तेरियानीला म्हणाले, "त्या टेबलावरून लिंबू न पिळता परत गेलं. का?"

स्तेरियानी गिरणीत सव्वीस वर्षं चात्यांपुढं उभी राहिलेली बाई. यंत्रांच्या आवाजावर मात करून बोलायची सवय, त्यामुळे तिचं साधं बोलणंही अख्ख्या खाणावळीला ऐकू जायचं. "मासा ताजा असेल, मास्तर! लिंबाची गरजच पडली नसेल!"

"हळू बोल, मालक ऐकतोय. माशाचे काटे दिसतायत का ताटलीत?"

"नाही. अर्धा मासा तसाच आहे."

"मग लिंबू का पिळलं नाही?"

"पहिल्या घासालाच मन उडालं असणार."

"शाबास. मालकानं बघितलं का ते?"

मालक फोनवर बोलत होता. मास्तरांनी रुमालानं ओठ टिपले. तो त्या दिवसाचा धडा.

वर्गातला झीसिस पूर्वी गिरणीचा ट्रक चालवायचा. त्याला आता मध विकायचा होता. तो दर गुरुवारी एकदा तरी कुरकुरायचा. "मास्तर, मला उष्ट्या ताटल्या बघून काय करायचंय? माझ्या धंद्यात ताटल्याच नाहीत."

"म्हणूनच तू बुडशील. बरणी घरी नेऊन कुणी तोंड वाकडं केलं तर तुला दिसणारेय का? इथं दिसतंय तोवर शिकून घे."

झीसिसनं पाव मोडला.

पण मास्तरांचा सगळ्यात आवडता प्रश्न वेगळाच होता. वर्ग गप्पांत रंगला, कुणी राजकारणावर घसरलं, की ते एकदम विचारायचे, "शेजारच्या टेबलावर काय आलं?" ज्याला सांगता आलं नाही त्याची धडगत नसे. आपल्या पानातलं चुकलं तर ते हसून सोडून द्यायचे, शेजारच्या पानातलं चुकलं की कान लाल व्हायचे. त्यांना त्याचा एवढा राग का येतो, हे कुणालाच कळत नव्हतं.

वोलोसमध्ये तसा हा प्रश्न सोपा नाहीच. दुपारी त्सिपुरो, म्हणजे द्राक्षाची कडक दारू, प्यायला बसलेला माणूस इथं खायला काही मागत नाही. तो फक्त बाटली मागतो, एवढीशी, बघता बघता संपणारी. तिच्यासोबत चाखणा येतो आणि तो काय असावा हे घर ठरवतं. दुसऱ्या बाटलीला दुसरा चाखणा, पहिल्याहून थोडा वरचढ. तिसरीला तिसरा. पाचव्या बाटलीपर्यंत जो टिकला त्याला त्या स्वयंपाकघराची खरी शान दिसते. इथं खाण्याची यादी मागणारा माणूस परगावचा समजावा.

आणखी दोन गोष्टी झीसिसनं हेरल्या होत्या. बंदरामागच्या एका गल्लीतून मास्तर वर्गाला कधी नेत नसत, लांबचा वळसा घेत. गल्लीत बघण्यासारखं काही नव्हतं, मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान तेवढं. आणि धक्क्यावर म्हातारा रिझोस, सगळ्यांचा 'बार्बा' म्हणजे काका, जाळी शिवत बसलेला दिसला, की मास्तर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जात.

"मास्तर, माझा गुडघा गेलाय. सरळ गल्लीतून जाऊ की!"

"चाल. चालल्यानं भूक लागते."

वसंत संपत आला तेव्हा स्तेरियानीनं वर्गात जाहीर केलं की ती त्सिपुरोचं दुकान उघडतेय. सासऱ्याचं जाळी ठेवायचं गोदाम धक्क्यावर रिकामं पडून होतं. गिरणी बंद होताना हातात जे आलं ते सगळं तिनं त्या गोदामात घातलं. नवी चूल, सहा टेबलं, भिंतींना पांढरा रंग. नणंद तव्यावर, ती स्वतः बाहेर. दुकान चाललं तर चाललं. नाही चाललं तर जर्मनीतल्या भावाकडं जाऊन त्याच्या ओळखीनं इमारती झाडायच्या, हे तिनं हसत हसत सांगितलं, पण हसताना ती रुमालाला पीळ घालत होती.

"धक्क्यावर दुकान म्हणजे धक्क्याचं गिऱ्हाईक," मास्तर म्हणाले. "कोळी आले तर दुकान आहे. आम्ही काय, आज आहोत उद्या नाही."

"रिझोसकाका येणार म्हणालेत. ते आले की सगळा धक्का येतो."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "कोण?"

"बार्बा रिझोस हो! आणि मास्तर, पहिल्या दिवशी तुम्ही सगळे आलंच पाहिजे. तुम्ही समोर दिसलात की मला धीर येईल."

नाही म्हणायला मास्तरांना काही कारण सापडलं नाही.

उद्घाटन गुरुवारीच ठेवलं होतं, भर दुपारी. दारात तुळशीची कुंडी, दाराबाहेर दोरीवर सकाळपासून ऑक्टोपस वाळत घातलेला. सहाही टेबलं भरली होती. खिडकीचं टेबल स्तेरियानीनं वर्गासाठी राखून ठेवलं होतं आणि नेमकं त्याच्या शेजारी बार्बा रिझोस तीन कोळ्यांसोबत बसला होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ करून खुर्ची घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. स्वयंपाकघराचं दार त्यांना दिसत नव्हतं.

पहिली फेरी निघाली. सगळ्या टेबलांवर एकेक बाटली आणि एकेक बशी. बशीत ऑलिव्ह, लोणच्यातली मिरची, खारवलेल्या पेडव्याचे दोन तुकडे. पहिल्या बाटलीला हे अगदी रास्त. सगळ्यात शेवटी स्तेरियानी खिडकीच्या टेबलाकडे आली. तिच्या हातात मोठी थाळी होती आणि थाळीत निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपसचा अख्खा पाय, वरून तेल, व्हिनेगर.

"मास्तर, हे तुमच्यासाठी," ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "गिरणी सुटली तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून मला नावानं प्रश्न विचारलात. खा!"

झीसिसचा काटा हवेत होता. मास्तरांनी त्याच्या मनगटावर चापट मारली आणि मान वळवली.

बार्बा रिझोसनं थाळीकडे बघितलं. एकदाच. मग आपल्या बशीतल्या ऑलिव्हकडे. मग त्यानं काटा बशीच्या कडेला आडवा ठेवला. बस, एवढंच. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. ही नजर आणि हा आडवा काटा मास्तरांनी आधी बघितला होता.

थाळी ठेवून घेतली तर आज ही बाई आनंदात राहील आणि धक्का उद्यापासून येणार नाही. परत केली, तर पहिल्याच दिवशी, सगळ्यांदेखत, तिनं मायेनं पुढं केलेलं लाथाडल्यासारखं होईल. मास्तरांना वाईट वाटत होतं, तिच्यासाठी आणि खरं तर स्वतःसाठीही. असा मान त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता.

"स्तेरियानी," ते म्हणाले, "शेजारच्या टेबलावर काय आलं?"

ती हसली. "आज वर्ग नाही, मास्तर! आज तुम्ही पाहुणे!"

"विचारलंय त्याचं उत्तर दे."

तिनं शेजारी बघितलं. हसू हळूहळू उतरलं. "ऑलिव्ह. पेडवा."

"आणि आमच्याकडे?"

"पण ऑक्टोपस त्यांनाही येणारच आहे, चौथ्या बाटलीला..."

"त्यांना ठाऊक आहे ते?"

गिरणीत सव्वीस वर्षं ओरडून बोललेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलली. "मी माया केली, मास्तर. चुकलं का माझं?"

मास्तर उठले. गळ्याचं बटण त्यांनी काढलं, वर्गानं हेही पहिल्यांदाच बघितलं, आणि बार्बा रिझोसकडे तोंड केलं.

"मला ओळखलंत का, बार्बा? मागच्या गल्लीत. निळं दार होतं."

"ओळखलं की," रिझोस म्हणाला. "चाळीस वर्षं तू मला बघून रस्ता ओलांडतोस. ओळखणार नाही तर काय? कोळंबी होती."

"हो. कोळंबी होती." मास्तर वर्गाकडे वळले. "माझं दुकान होतं. सत्तावीस वर्षांचा होतो. अन्थूला रांधायची. एका दुपारी माझे फुटबॉलमधले दोस्त आले. आनंदाच्या भरात मी त्यांना पहिल्याच बाटलीला कोळंबी दिली. शेजारी हे चौघं बसले होते, त्यांना ऑलिव्ह. हे काही बोलले नाहीत. काटे आडवे ठेवले, एक बाटली संपवली, पैसे दिले, नमस्कार केला नि गेले. दुसरी बाटली मागितली नाही. नंतर धक्क्यावरचं कुणीच आलं नाही. दोस्त यायचे, पण दोस्त सवडीनं येतात. सात महिन्यांत दार बंद झालं. मी सगळ्यांना सांगितलं की शाळेत नोकरी लागली म्हणून सोडलं. अन्थूलाला तेवढं खरं माहीत होतं."

झीसिसच्या तोंडून निघून गेलं, "म्हणून तो वळसा होय!"

"म्हणून. तुझ्या गुडघ्याची माफी मागतो."

कुणीतरी हसलं. स्तेरियानीचे डोळे भरून आले होते, पण ती तिथं थांबली नाही. तिनं थाळी उचलली, आत गेली, आणि आतून सुरीचा आवाज ऐकू येऊ लागला. बाहेर आली तेव्हा ऑक्टोपसचे पातळ पातळ काप झाले होते. तिनं एकेका टेबलापाशी जाऊन एकेका बशीत ते मोजून वाढले. सुरुवात दारापासच्या टेबलापासून केली. रिझोसच्या बशीशी आली तेव्हा म्हणाली, "काका, पहिला दिवस आहे. चुकले."

"पोरी, कापलंस छान," रिझोस म्हणाला.

वर्गाच्या टेबलावर ती सगळ्यात शेवटी आली. सात माणसांत सातच काप आले, त्यातला एक टोकाचा, काडीसारखा. तो झीसिसच्या वाट्याला गेला आणि त्यानं चेहरा असा केला की मास्तरांना हसू आवरेना.

मग बार्बा रिझोसनं पायानं शेजारची रिकामी खुर्ची बाहेर ढकलली.

"वायोस, इकडं बस. त्या दिवशी आम्ही दुसरी बाटली न मागताच उठलो होतो." त्यानं आवाज चढवला. "पोरी! दुसरी आण!"

मास्तर उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले आणि तो तसाच चुरगळून हातात धरला. रिझोसनं त्यांचा पेला भरला. दुसऱ्या फेरीची बशी आली, तळलेली मांदेली, कुरकुरीत, वर लिंबाची फोड. चौघा कोळ्यांनी लिंबू पिळलं. स्तेरियानी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघत होती.

खिडकीच्या टेबलावरून झीसिस ओरडला, "मास्तर! शेजारच्या टेबलावर काय आलं?"

मास्तरांनी वळून वर्गाच्या बशीकडे नीट बघितलं, मग आपल्या.

"तेच," ते म्हणाले आणि जेवायला लागले.