अर्ध्या इंचाचे आटे

आमच्या नगरच्या वर्कशॉपात अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचभरात बारा आटे, हे बे एके बे इतकं पक्कं होतं. येणारं प्रत्येक इंजिन विलायती, म्हणजे इंग्रजी बनावटीचं, मोजायची वेळच यायची नाही. आटे मोजायचा गेज, म्हणजे दातेरी पात्यांचा जुडगा, मला काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या डब्यात गंजत पडलेला. कुणी काढलाच तर बाकीचे हसायचे, "काय रं, पाढे इसरला का?" सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. जळो ते हसणं.

लढाई संपली आणि फौजी माल लिलावात निघाला. मिरजगावच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्यातलं अमेरिकन इंजिन घेऊन विहिरीवर बसवलं. मिशनच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस. नवराबायकोनं चार वर्षं घागरी वाहून मोसंबीची बाग जगवली होती, आणि त्या साली पहिल्यांदा फळ धरलं होतं. ऐन चैत्रात इंजिनाचं वरचं हेड आवळून धरणारा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटला. पाणी इतकं खोल गेलेलं, की आता घागरींनी बाग भिजणं शक्यच नव्हतं.

मास्तर तुटका तुकडा फडक्यात बांधून घेऊन आले. "सलाम, मिस्त्री. आठ दिवस झाडं तग धरतील. पुढचं काही माझ्या हातात नाही."

मी तुकड्याला पट्टी लावली. अर्ध्या इंचात सहा आटे, आणि वर जरासं काहीतरी उरलं. ते उरलेलं मी पाहिलं. शप्पथ सांगतो, पाहिलं! झिजला असेल, म्हटलं, आणि लेथवर बारा आट्यांचा स्टड कापला.

दुसऱ्या दिवशी मिरजगावला विहिरीवर बसून तो लावायला घेतला. दोन फेरे हातानं गेला, मग अडला.

"आत गंज हाय मास्तर. जरा जोर लावावा लागंल."

मी पान्याला पाइप चढवून ओढलं. टक्कन आवाज झाला. इंजिनाचं बीड, ते ओतीव लोखंडाचं अंग, वरपासून खालपर्यंत चिरलं होतं.

बिडाची ती चीर सांधायला आमच्याकडे कुणालाच जमलं नाही. तसलं दुसरं इंजिन शोधत मी आठ दिवस सगळं भंगार उपसलं, नाही मिळालं. तेव्हा कुठं उस्तादांचा गेज काढून त्या तुकड्याला लावला. बाराचं पातं बसेना. तेराचं चपखल बसलं; अमेरिकन अर्ध्या इंचाला आटे तेरा. उस्ताद एवढंच म्हणाले, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

महिन्यानं मिरजगावला गेलो. तोंड कुठं लपवायचं ते कळत नव्हतं, पण गेलो. बाग वाळून कोळसा झाली होती. मास्तर ओसरीवर बसले होते. मी तुकडा त्यांच्या हातात ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, लाकडी पट्टी आणली आणि नखानं इंचभरातला एकेक आटा मोजला. तेरा. मग पुन्हा मोजला.

"पाढा चुकला होय तुझा?"

"न्हाई मास्तर. पाढा पाठ हुता, म्हनून तर मोजलं न्हाई."

मास्तरांच्या बाई चहा ठेवायला उठल्या. चुलीशी मोसंबीची लाकडं रचलेली होती, बोटाएवढ्या जाडीची, अजून सालीसकट. त्यांतली दोन त्यांनी मोडून चुलीत सारली.

तो चहा मी प्यालो.