पुढच्या रांगेतला गार उपमा

काका पातेल्यावरचं झाकण जरासं बाजूला करायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या तळहातानं वाफ स्वतःकडे ओढून घ्यायचे. क्षणभर थांबून म्हणायचे, "आलं हो." म्हणजे आमटीला मीठ बरोबर लागलं. नैवेद्य दाखवायच्या आधी आचाऱ्यानं जीभ लावायची नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. त्यामुळे सगळा कारभार नाकावर.

तुम्ही ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत एखाद्या मराठी लग्नात जेवला असाल, तर त्यांची आमटी कधीतरी तुमच्याही पानात पडली असेल. नौपाड्यात त्यांचा गाळा माझ्या फुलांच्या गाळ्याला लागून होता. मी मांडव सजवायचो, ते पंगत सांभाळायचे. माझी मोगऱ्याची टोपली उतरली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "कालचा माल आहे रे, परत पाठव." आणि तो कालचाच निघायचा. फुलवाला मी, आणि अक्कल शिकवणार आचारी. मला भारी राग यायचा.

मग तो साथीचा ताप आला. पुष्कळांची वास घ्यायची शक्ती गेली आणि महिन्या-दोन महिन्यांत परतही आली. एक दिवस माझ्याकडे चक्क शिळा मोगरा आला आणि भिंतीपलीकडून कुणी काही बोललंच नाही. मी डोकावलो तर काका हिंगाची डबी नाकाला लावून बसलेले.

"ही डबी रिकामी आहे का बघ रे," ते म्हणाले.

डबी भरलेली होती. मी तसं सांगितलं.

"डॉक्टर म्हणतात, येईल वास. कधी ते सांगत नाहीत." मग माझा हात धरून म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. नाक गेलेल्या आचाऱ्याला कोण बोलावणार?"

"मग आता चाखून बघत जा."

"बघितलं. तोंडात पाणी धरल्यासारखं वाटतं."

तेव्हापासून काका नुसत्या हाताच्या सवयीवर रांधत होते. झाकण बाजूला करणं, डोळे मिटणं, "आलं हो" म्हणणं, सगळं पूर्वीसारखंच चालू होतं. माझ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

अशात इंदूरच्या एका लग्नाचं काम आलं. मुलगी ठाण्याची, तिच्या वडिलांना काकांच्याच हातची बासुंदी हवी होती. हौशी माणूस. त्यांनी आम्हा दोघांना विमानाची तिकिटं पाठवली आणि तीही पुढच्या, महागड्या वर्गाची. काका इस्त्रीचा सदरा घालून आले. पुढच्या रांगेत बसल्यावर त्यांना हात पुसायला एक ओलं फडकं मिळालं. गरम असायला हवं होतं म्हणे, होतं गार. काकांनी त्यानं समोरची फळी स्वच्छ पुसून काढली.

प्रवास तासाभराचा. त्यातला बराच वेळ पडद्याआड नुसती भांडी वाजत होती. शेवटी ट्रे आले. दगडासारखं लोणी, चामट पाव आणि चांदीच्या कागदाखाली उपमा. काकांनी कागद उचलला, डोळे मिटले आणि तळहातानं वाफ ओढून घेतली. वाफ नव्हतीच, उपमा थंडगार होता. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

त्यांनी एक घास घेतला. माझ्याकडे बघितलं.

"मला काही लागत नाही. तुला?"

मी खाल्लं. "मलाही नाही."

"उगाच नको बोलू."

"खरंच सांगतो काका. काही चव नाही याला."

एवढ्यात पलीकडचे सूटवाले गृहस्थ हवाईसुंदरीवर घसरले. एवढे पैसे घेता आणि हे असलं बेचव खायला घालता, चहा मागितला तर लँडिंगचं कारण सांगता. काका सीटवरून जवळजवळ अर्धे उठले.

"साहेब, तुम्हालाही चव लागत नाही?"

"कुणालाच लागणार नाही. एक तर हे अन्न असलं, त्यात एवढ्या उंचीवर नाक-जीभ नीट चालत नाहीत."

"सगळ्यांचीच?"

"सगळ्यांचीच."

काका हळूच खाली बसले. आजूबाजूला सगळे वैतागून ट्रे बाजूला सारत होते आणि हा एक म्हातारा गार उपमा शेवटच्या कणापर्यंत खात होता. त्यांचा चेहरा इतका सुखी मी तापानंतर पाहिला नव्हता. हवाईसुंदरी घाईघाईनं ट्रे ओढायला आली, तर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

विमान खाली यायला लागलं. माझे कान फट्‌कन उघडले. काकांचेही उघडले असावेत, कारण त्यांनी माझी बाही ओढली.

"कान उघडले रे. नाकही उघडेल."

त्यांनी खिशातून वेलदोडे काढले, दातांनी फोडले आणि तळहातावर चुरडून नाकाला लावले. पुन्हा चुरडले, पुन्हा लावले. आजूबाजूला वेलदोड्याचा असा घमघमाट सुटला की ते सूटवालेसुद्धा वळून बघायला लागले. काकांना मळमळतंय असं वाटून हवाईसुंदरीनं उलटीची पिशवी पुढे केली. काकांनी ती घेतली आणि तिला थँक्यू म्हणाले. चाकं टेकली, लोक उठले, तरी त्यांचा हात नाकावरून निघेना. ते विमान आणखी तासभर वरच राहायला हवं होतं असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी बासुंदी लागली. लागली म्हणजे चांगलीच करपली. पुऱ्या लाटणाऱ्या बाईंनी नाकाला पदर लावला. काका कढईशी उभे होते. त्यांनी डोळे मिटून वाफ ओढून घेतली आणि म्हणाले, "आलं हो."

शेवटी मी जवळ गेलो. "काका, लागलीय."

त्यांनी कालथ्यानं तळ खरवडून बघितला.

"वास कुठवर गेलाय?"

"मांडवापर्यंत."

त्यांनी कालथा खाली ठेवला. पंगतीत बाजारचं श्रीखंड वाढलं गेलं. मुलीचे वडील भला माणूस, एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या विमानात तसाच ट्रे आला. काकांनी कागदाला हात लावला नाही. शेजारी एक तरुण बसला होता, तो उपम्यावरून तावातावानं भांडत होता. काका त्याच्याकडे वळले.

"अर्ध्या तासात उतरू, बाळा. खाली गेलास की लागेल तुला चव."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

काकांनी गाळा बंद केला आणि खडवलीला बहिणीकडे राहायला गेले. पावसाळा संपता संपता त्यांनी जेवण सोडलं. भूक लागत नाही म्हणायचे. "काय खातोय तेच कळत नाही, तर खायचं कशाला," असं एकदा फोनवर म्हणाले. दिवाळीपर्यंतही राहिले नाहीत.

त्याआधी मी एकदा भेटायला गेलो होतो. ओळखू येऊ नयेत इतके वाळले होते. जाताना मोगरा नेला होता, आणि मुद्दाम कालचा. त्यांनी ओरडावं, परत पाठव म्हणावं, एवढीच आशा होती. मी पुडी सोडली. काकांनी डोळे मिटले, तळहातानं वास स्वतःकडे ओढून घेतला आणि मला बरं वाटावं म्हणून हसले.

"ताजा आहे रे," ते म्हणाले. "आलं हो."