गव्हाणीतला पाहुणा

मुकुंदवाडी स्टेशनच्या वाटेवर एक ख्रिस्ती बाई दर डिसेंबरात ओसरीवर मातीचा गोठा मांडायच्या. गाई, मेंढपाळ, मरिया, योसेफ सगळे हजर. बाळ येशूची मधली गव्हाण मात्र रिकामी. बाईंना मूल नव्हतं. त्यांनी आशा सोडली म्हणून त्या बाळ ठेवत नाहीत, ही गल्लीतली अफवा माझीच. म्हातारपणी ती खोडून काढतो.

अफवेची टोचणी लागली, तेव्हा मी औरंगपुऱ्यातून मातीचं बाळ आणून गुपचूप गव्हाणीत ठेवलं. बाईंनी मला पकडलं आणि हसत हसत त्या खालीच बसल्या.

"अवो दादा, ह्याच्या हातात लोण्याचा गोळा हाय की! तुमचा किसन इथं कसा?"

"गव्हाण रिकामी बघवेना, ताई."

"आमचं बाळ नाताळच्या रात्री येतं. तवर जागा राखायची असती. ह्याला कोनाड्यात बसवते, पाहुणा म्हणून. पर थंडीत उघडंच आणलंत व्हय लेकरू?"

त्यांनी पेटीतून नवंकोरं झबलं काढलं. "दर नाताळाला एक शिवते," म्हणाल्या.

झबल्यात किसन पार बुडाला, फक्त लोण्याचा गोळा वर राहिला. ते मातीच्या बाळाच्या मापाचं नव्हतंच.