मानेपर्यंत गेलेली चीर

दुकानात तिला सगळे भिंगताई म्हणत. डोळ्याला लावायचं भिंग काळ्या दोऱ्याने तिच्या गळ्यात अडकवलेलं असे, आणि घरी निघताना ते काढून ठेवायला ती हमखास विसरे. भाजी निवडतानाही भिंग गळ्यातच. "ताई, टोमॅटोखाली खूण नसते हो," भाजीवाला म्हणायचा. ती हसायची, आणि तरीही टोमॅटो उलटा करून बघायचीच.

उलटं करून बघणं हाच तिचा धंदा होता. दुकान जुन्या चांदीच्या भांड्यांचं: चमचे, काटे, चहादाण्या. लोक पुढची नक्षी बघून भुलत. ती थेट पाठ बघे, कारण कारागिराची खूण पाठीवर असते. खरी चांदी थोडक्या खुणांवर भागवते. मुलाम्याचा चमचा मात्र ओळीने खुणा मिरवत असतो, आणि जिथे तो टेबलाला टेकतो तिथे मुलामा झिजून आतलं पितळ डोकावत असतं. मालकाला नेहमीचीच घाई. "ताई, आटपा जरा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"खोळंबू दे. चमचा इतकी वर्षं थांबलाय, गिऱ्हाइकाला काय धाड भरलीय?"

मालक तिच्या कलाने घेई, कारण तिच्यासारखी नजर त्याने दुसरीकडे पाहिली नव्हती. एकाच ठशाच्या दोन खुणांमधली कुठली एका माणसाने उमटवली आणि कुठली दुसऱ्याने, हे ती सांगू शके. ठशावर हातोडीचा घाव कोणी दाबून घालतो, कोणी उडता. कोणाची खूण दांड्याच्या मधोमध, कोणाची कडेला सरकलेली. "ठसा बापाकडून मुलाकडे जातो, विकलाही जातो," ती म्हणे. "हात बदलत नाही."

हे ती बाबांच्या खुणेवरून शिकली होती.

बाबा चांदीचे चमचे घडवत, आई त्यांना झिलई करी, आणि राहायची खोली तोच कारखाना. बाबांच्या पोलादी ठशावर एक चिमणी होती, उडदाच्या दाण्याएवढी. ती कायम कलती उमटे. शेवटचा घाव घालताना बाबांचं मन पुढच्या चमच्यात गेलेलं असे, त्याला ती तरी काय करणार! आई वैतागायची. "सरळ मारा की हो जरा. चिमणी आहे की प्यायलेला कावळा?" बाबा हसत, आणि पुढची चिमणीही तशीच झुकवून ठेवत.

त्या ठशाला शेपटीपाशी बारीक चीर गेली होती; चमच्यावर चिमणीबरोबर तीही उमटे, आणि घावागणिक ती वाढत होती. पुढे यंत्रावरचे चमचे आले, बाबांचं काम आटलं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते दुसऱ्या गावी निघाले. "काम लागलं की तुम्हाला बोलावून घेतो," म्हणाले. तेव्हा चीर पंखापर्यंत पोहोचली होती. हे नक्की, कारण जाण्याआधी घडवलेला शेवटचा चमचा घरातच राहिला होता. बाबांचं बोलावणं आलं नाही. बाबाही आले नाहीत.

काही वर्षांनी आईने या गोष्टीचा निकाल लावून टाकला. "वाटेतच काहीतरी झालं असणार. असते तर आले असते." विषय संपला. आई पुन्हा कामाला लागली आणि त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही.

लेकीच्या मनातून मात्र तो गेला नाही. दुकानात अधूनमधून बाबांची चिमणी यायची. भिंग लावून ती आधी चीर शोधायची. चीर असलीच तर शेपटीत असे, पंखाच्या पुढे कधी नाही. सगळे चमचे ते जाण्याआधीचे. पंखाच्या पुढे गेलेली एक चीर तिला बघायची होती, बस्स. म्हणजे बाबा पोहोचले, त्यांनी पुन्हा हातोडा धरला, एवढं तरी कळलं असतं. मग ते आले का नाहीत, हा पुढचा प्रश्न विचारायचा तिला धीरच होत नसे. डोक्याचे केस पांढरे झाले तरी ती बाबांची वाट बघत होती, आणि हे कुणाला सांगायची तिला लाज वाटे.

एके दिवशी एक गृहस्थ आत्याचं घर आवरताना सापडलेली पेटी घेऊन दुकानात आले. आत सगळी सरमिसळ. मुलाम्याचे काटे तिने नुसत्या वजनावरूनच बाजूला सारले. तळाशी साखरेचा छोटा चमचा होता. तिने तो उलटा केला.

चिमणी होती. चीर शेपटीतून निघून, पंख ओलांडून, थेट मानेपर्यंत गेली होती.

"हा कुठला?" भिंग न हलवताच तिने विचारलं.

"आत्या कुठून कुठून आणायची, देव जाणे. आता विचारायला ती तरी कुठाय?"

तिने भिंग पदराने पुसलं आणि पुन्हा लावलं. चीर बघण्याच्या नादात जे निसटलं होतं ते आता दिसलं. चिमणी सरळ होती. दांड्याच्या बरोबर मधोमध, दोन पायांवर नीट उभी. घाव सावकाश आणि बेताचा, कुठे घाई म्हणून नाही. हा हात बाबांचा नव्हता. ठसा पुढे गेला होता, बाबा मागेच कुठेतरी राहिले होते. भर दुकानात तिला रडू फुटलं.

"मुलामा निघाला का?" मालकाने दबकत विचारलं.

"नाही. चांदी आहे." तिने नाक पुसलं. "आजच्या दिवस घरी नेऊ का?"

"न्या की. विचारता काय?"

घरी जाताना तिने ठरवून टाकलं. आईला सरळ सांगायचं, तू म्हणत होतीस तेच खरं होतं. निदान आपण चुकलो नाही, एवढं तरी समाधान तिला मिळेल.

आई खिडकीशी बसली होती. डोळ्यांना आता नुसता उजेड तेवढा कळे; बोटं मात्र अजून तल्लख होती. लेकीने चमचा तिच्या हातात ठेवला. "आई, बाबांचा ठसा आहे. पण..."

"थांब."

आईने अंगठ्याचं नख शेपटीपाशी टेकवलं आणि चिरेवरून हळूहळू पुढे नेलं. "अगं, पार मानेपर्यंत गेली."

"हो."

नख मग चिमणीभोवती फिरलं. पायांपाशी, डोक्यापाशी, पुन्हा पायांपाशी. आईचा चेहरा असा उजळला की लेक बघतच राहिली.

"सरळ मारलीय," आई म्हणाली. "बघ! घसा कोरडा केला मी, तेव्हा ऐकलं नाही. तिकडे जाऊन ऐकलं." ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "म्हणजे आठवण होती गं माझी."

असते तर आले असते, असं म्हणून मोकळी झालेली ही आई. तीही इतकी वर्षं वाट बघत होती. एका घरात राहून दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या.

हात बदलत नाही, हे वाक्य भिंगताईच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"सरळच आहे ना गं?" आईने विचारलं. "की मलाच आपलं वाटतंय?"

"सरळ आहे, आई," ती म्हणाली. "ऐकलं त्यांनी तुझं."